उन्हाची बेगमी

श्रावण संपत आला की रत्नागिरीकडच्या घराघरांत एकच घाई सुरू होते. गणपती आठ-पंधरा दिवसांवर आलेले असतात, मुंबईचे चाकरमानी यायचे असतात आणि जूनपासून मोकाट वाढलेले गवत पाणंदीपासून खळ्यापर्यंत कमरेइतके झालेले असते. पूर्वी या बेणणीसाठी माणसे विळा-कोयती घेऊन उतरत. गेल्या काही वर्षांत वाडीवाडीतून ग्रास कटरची घरघर ऐकू येऊ लागली. आता त्यातही नवा प्रकार आला आहे : पेट्रोलऐवजी बॅटरीवर चालणारे यंत्र, आणि ती बॅटरी भरण्यासाठी घराच्या छपरावर सौर पॅनेल.

कल्पना छान आहे. पण थोडा विचार केला की एक पेच समोर येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गवत वाढते ते याच महिन्यांत. म्हणजे सूर्य जेव्हा ढगाआड दडलेला असतो, नेमके तेव्हाच सूर्यावर चालणाऱ्या यंत्राला काम पडते! मग हे जमायचे कसे?

हा पेच आजचा नाही. अंगणातले यंत्र उन्हावर चालवण्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच किनाऱ्यावर, मुंबईत, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. तेथून सुरुवात केली तर या पेचाची उकल चांगली होते.

कुलाब्याच्या अंगणातले इंजिन

विल्यम अ‍ॅडम्स हे इंग्रज गृहस्थ त्या काळी मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होते. पेशाने ते शास्त्रज्ञ नव्हते की अभियंतेही नव्हते. पण फ्रान्समध्ये ऑग्युस्त मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे इंजिन चालवले आहे, हे त्यांच्या वाचनात आले होते. (शिक्षक वाचकांनी या मूशोंची नोंद घ्यावी. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांनी १८६० च्या दशकात ही यंत्रे बांधायला सुरुवात केली, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सूर्याच्या उष्णतेवर चक्क बर्फ तयार करून दाखवला!)

मूशोंचा आरसा शंकूच्या आकाराचा, चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा होता. तो महाग पडे, लवकर काळवंडे आणि फार मोठा करता येत नसे. अ‍ॅडम्स यांनी सोपा मार्ग काढला. एका मोठ्या वक्र आरशाऐवजी त्यांनी १७ इंच लांब आणि १० इंच रुंद असे साधे सपाट आरसे घेतले, ते एका मोठ्या चौकटीवर बसवले आणि प्रत्येक आरसा असा कलता ठेवला की सगळ्यांचे कवडसे एकाच जागी पडावेत. एकेक आरसा वाढवत आणि तापमान मोजत ते पुढे गेले. ७२ आरशांनी सुमारे १२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५० अंश सेल्सियस तापमान मिळेल, असा हिशेब त्यांनी मांडला. कवडशांच्या जागी लाकडाचा तुकडा धरताच तो पेटला.

मग तेथे त्यांनी बॉयलर ठेवला. बॉयलर एका जागी स्थिर, आणि आरशांची चौकट त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावर फिरणारी. सूर्य सरकेल तशी ही चौकट एखाद्या मजुराने दिवसातून तीन-चार वेळा ढकलली की काम भागे. या बॉयलरच्या वाफेवर अडीच अश्वशक्ती क्षमतेचे पंपाचे इंजिन अ‍ॅडम्स यांच्या कुलाब्यातील बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर रोज दिवसा चालत राहिले. ते पाहायला त्यांनी लष्करी अधिकारी, अभियंते, न्यायाधीश आणि गिरणीमालक यांना बोलावले होते. १८७८ मध्ये त्यांनी 'सोलर हीट : अ सब्स्टिट्यूट फॉर फ्युएल इन ट्रॉपिकल कंट्रीज' हे पुस्तकही लिहिले. उष्ण कटिबंधातल्या देशांत जळणाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, असा त्याच्या नावाचाच अर्थ. त्यांनी बनवलेल्या सौरचुलीवर ऐन जानेवारीत सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजत असे.

मग हे इंजिन गावोगाव का पोचले नाही? पाहायला आलेल्या अभियंत्यांनीच उत्तर देऊन ठेवले होते. कोळशाला आणि लाकडाला जोड म्हणून हे ठीक आहे, पण त्यांच्याशी थेट स्पर्धा कठीण, असे त्यांचे मत पडले. मूशोंचेही तेच झाले. कोळसा स्वस्त झाला आणि सरकारचा रस संपला. पुढे १९१३ मध्ये फ्रँक शुमन यांनी इजिप्तमध्ये कैरोजवळ मआदी येथे नाईलचे पाणी उपसणारे मोठे सौर केंद्र उभारले. तेही पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या स्वस्त खनिज तेलात बुडाले.

पण केवळ किंमत हेच कारण होते का? कोळशाची एक खुबी आपण विसरतो. तो कोठारात भरून ठेवता येतो आणि हवा तेव्हा, हवा तितका जाळता येतो. अ‍ॅडम्स यांचे इंजिन सूर्य मावळला की थांबे. जुलैत तर ते महिनाभर झाकूनच ठेवावे लागले असते. त्यांच्या यंत्रात सगळे होते, फक्त कोठार नव्हते.

दुसरे अ‍ॅडम्स

गंमत अशी की कुलाब्यातल्या या प्रयोगाच्या सुमारे दोन वर्षे आधी, १८७६ मध्ये, लंडनमध्ये दुसऱ्याच एका विल्यम अ‍ॅडम्स यांनी अगदी वेगळी वाट शोधली होती. हे विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स, किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड डे यांनी दाखवले की सेलेनियम या मूलद्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून विद्युतप्रवाह निघतो. ना वाफ, ना बॉयलर, ना हलणारा भाग. प्रकाशाचा विजेवर परिणाम होतो हे फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल यांनी १८३९ मध्येच एका द्रावणात पाहिले होते, पण घन पदार्थातून थेट वीज मिळण्याची ही सुरुवात होती. १८८३ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सौरघट बनवला. त्याची कार्यक्षमता जेमतेम एक टक्का होती.

म्हणजे एकाच दशकात एकाच नावाच्या दोघांनी दोन वाटा धरल्या. मुंबईच्या अ‍ॅडम्स यांची वाट उष्णतेची होती, लंडनच्या अ‍ॅडम्स यांची प्रकाशाची. आपल्या छपरापर्यंत पोचली ती दुसरी.

ती पोचायला मात्र फार वेळ लागला. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जाहीर केला. डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन हे त्याचे जनक. कार्यक्षमता सुमारे सहा टक्के. कोकणातल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट या शोधामागे आहे. दमट, उष्ण प्रदेशांत टेलिफोनसाठी वापरले जाणारे कोरडे विद्युतघट लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधता शोधता चॅपिन सौरघटाकडे वळले. प्रात्यक्षिकात या घटांवर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला गेला. आपल्या विहिरीवरच्या रहाटाची आठवण यावी, असेच ते दृश्य असणार!

१९५८ मध्ये हे घट व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर बसून अंतराळात गेले. जमिनीवर ते फार महाग पडत. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर संशोधनाला वेग आला. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातला पहिला सौरघट आणि पुढच्या वर्षी पहिले पॅनेल तयार केले. त्यानंतरच्या साडेचार दशकांत पॅनेलच्या किमती इतक्या उतरल्या की जी वस्तू केवळ उपग्रहाला परवडे, ती आता गोठ्याच्या छपरावर दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले.

गवताचे यंत्र

आता या गोष्टीतले दुसरे पात्र. गवत कापायचे पहिले यंत्र १८३० मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी केले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्यांनी पाहिले होते. तीच युक्ती त्यांनी हिरवळीला लावली. पण हे यंत्र सपाट जमिनीचे. गडग्याच्या कडेला आणि माडाच्या बुंध्याशी ते निरुपयोगी. त्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. मोटारी धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहून अमेरिकेच्या जॉर्ज बॅलस यांना कल्पना सुचली. पत्र्याच्या डब्यातून मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरी बाहेर काढून त्यांनी तो डबा वेगाने फिरवला. दोरी फिरता फिरता ताठ होते आणि गवत छाटते, पण बुंध्याची साल त्या मानाने वाचते. आपल्याकडच्या ग्रास कटरची दोरी ती हीच.

या यंत्राला बहुधा दोन-धावी पेट्रोल इंजिन जोडलेले असते. ते हलके आणि दणकट असते, परंतु त्यात शिरणाऱ्या इंधनाचा बराच भाग, जुन्या रचनेत तर पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर पडतो. धूर आणि आवाज यांचा पहिला मारा यंत्र पाठीवर घेतलेल्या माणसावर होतो. विजेची मोटर यातून त्याची सुटका करते. पण विजेची लांबच लांब वायर ओल्या गवतातून ओढत नेणे आणि तेथेच फिरते पाते चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून बॅटरी हवी.

बॅटरीचा इतिहासही जुना आहे. गास्तों प्लांते यांची शिसे-आम्ल बॅटरी १८५९ ची, म्हणजे कुलाब्यातल्या प्रयोगाच्याही आधीची. पण ती फार जड. खांद्याला लावून गडग्यावर चढता येईल अशी हलकी बॅटरी आली ती लिथियम-आयन प्रकारची. १९९१ मध्ये ती बाजारात आली, आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिच्या तीन शिल्पकारांना मिळाले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, स्वीडनच्या एका कंपनीने पाठीवरच पॅनेल असलेले, आपोआप फिरून हिरवळ कापणारे यंत्रही विक्रीला आणले होते. युरोपात गवत वाढते ते उन्हाळ्यात, त्यामुळे तेथे सूर्य आणि गवत यांची गाठ पडते. आपल्याकडे पडत नाही. तेव्हा पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू.

शक्ती आणि ऊर्जा

वर्गात शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक शिकवताना आपली बरीच दमछाक होते. रत्नागिरीचे परसू त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

आधी पाणी घेऊ. नारळी-पोफळीच्या एका लहान आगराला रोज १०,००० लिटर पाणी विहिरीतून १० मीटर उंच टाकीत चढवायचे आहे, असे समजा. लागणारी ऊर्जा : १०,००० × ९.८ × १० = ९,८०,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट. पंप आणि नळ यांतली गळती धरून तिप्पट करा, ०.८ युनिट झाले. सतत काम करणाऱ्या माणसाची शक्ती साधारण ७५ वॅट धरली, तर लाटेने एवढेच पाणी काढायला, एक थेंबही न सांडता, साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. आणि एक किलोवॅटची पॅनेल उन्हाळ्यात रोज चार-पाच युनिट देतात! शिवाय पाणी हवे असते ते कडक उन्हाच्याच दिवसांत. सकाळी चढवलेले पाणी टाकीत थांबून राहते आणि संध्याकाळी शिंपायला मिळते. टाकी हीच येथे बॅटरी. म्हणून उन्हावर चालणारा पंप हे कोकणातल्या परसातले सर्वांत सोपे सौरयंत्र. अ‍ॅडम्स यांनी नेमका पंपच निवडला होता, हे विसरू नये.

आता गवत. समजा आपले बॅटरीचे यंत्र ५०० वॅटचे आहे. भाद्रपदातल्या ढगाळ दिवशी एक किलोवॅटची पॅनेल कशीबशी दीडशे वॅट देत आहेत. यंत्र थेट पॅनेलला जोडले तर ते हलणारही नाही. शक्ती अपुरी. पण हेच दीडशे वॅट दहा तास साठवत गेलो तर? १५० × १० = १५०० वॅट-तास, म्हणजे दीड युनिट. साठवण्यातली घट वजा केली तरी ५०० वॅटचे यंत्र सुमारे अडीच तास चालेल. अंगण, पाणंद आणि विहिरीची वाट साफ व्हायला तेवढे पुष्कळ. शक्ती कमी होती, पण ऊर्जा कमी नव्हती. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. अ‍ॅडम्स यांच्या इंजिनाला जे नव्हते, ते कोठार या यंत्राच्या मुठीपाशी बसवलेले असते.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. यंत्रावरची एक बॅटरी साधारण २०० ते ३०० वॅट-तासांची, म्हणजे अर्ध्या तासाची. एक चालत असताना दुसरी भरत ठेवावी लागते. सलग झडीच्या दिवशी पॅनेल एक युनिटही देत नाहीत. दहा एकर कलमांच्या बागेतले रान या यंत्राने काढायला कोणी जाऊ नये. बागेतली दुसरी बेणणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास, वाळलेल्या गवताला वणवा लागू नये म्हणून करतात, आणि तेव्हा ऊन परतलेले असते.

आगोटीचे शास्त्र

रोजची साठवण झाली, पण वैशाखातले ऊन श्रावणासाठी ठेवता येईल का? कोकणी घराला ही कल्पना नवी नाही. आगोट जवळ आली की सुकी मासळी, आमसुले, आंब्याची साटे, फणसपोळी, पापड आणि लाकूडफाटा यांची बेगमी होते. हे सगळे म्हणजे साठवलेले ऊनच. पण विजेच्या बाबतीत हे घरच्या घरी जमत नाही. केवळ १०० युनिटे तीन महिने ठेवायची तर ग्रास कटरच्या बॅटऱ्यांसारख्या तीन-चारशे बॅटऱ्या लागतील.

हे काम वीजजाळे करते. महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांनी नेट मीटरची सोय झाली. उन्हाळ्यात जास्तीची वीज जाळ्यात द्यायची आणि ती युनिटे पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळती करून घ्यायची. म्हणजे युनिटे खरोखर कोठे साठत नाहीत, साठतो तो हिशेब. पण जाळ्यामागे खरे कोठारही आहे, आणि ते याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या वीजगृहात १९६२ पासून कोयनेच्या पाण्यावर वीज होते. कोयनेचा जलाशय पावसाळ्यात भरतो आणि ते पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरावे लागते. उन्हाळ्यात दुपारी सूर्याने काम केले, तर कोयनेचे तेवढे पाणी रात्रीसाठी राखता येते. पाऊस पुढे वापरायचा आणि ऊन आत्ता वापरायचे, अशी ही जोडी आहे.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी

एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगड भागात हजारो झाडे आणि विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी अंगणातल्या यंत्रांची खरी गरज पडते. वाटेवर पडलेला फणस कापायचा असतो, विहिरीतून पाणी काढायचे असते. 'आमच्या छपरावर पॅनेल आहेत, आम्हाला काय चिंता?' असे पुष्कळांना वाटते. पण बॅटरी नसलेला, फक्त जाळ्याला जोडलेला संच जाळे बंद पडताच स्वतःही बंद होतो, मग आकाशात ऊन का तळपत असेना. हा बिघाड नव्हे, ही मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे. एरवी छपरावरची वीज तुटलेल्या तारांत शिरून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वादळानंतरही यंत्रे चालायला हवी असतील तर बॅटरी आणि घराला जाळ्यापासून वेगळे करणारा इन्व्हर्टर लागतो. तोही पुरेसा मोठा हवा, कारण पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. संच बसवताना हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात. घरी पॅनेल बसवू पाहणाऱ्या पालकांना शिक्षकांनी तो विचारायला सांगावा.

वर्गासाठी

रत्नागिरी १७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य तेथे वर्षातून दोनदा भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो : मे महिन्याच्या ८ तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आकाशात ढग! तरी ऑगस्टमध्ये एखाद्या दुपारी उघडीप मिळालीच, तर अंगणात उभी काठी रोवून सावली नाहीशी होताना मुलांना दाखवावी.

दुसरा प्रयोग कोणत्याही दिवशी करता येईल. खेळण्यातला छोटा सौरघट आणि लहान मोटर घ्या. उन्हात मोटर फिरते, सावलीत थांबते. मग तोच घट पुन्हा भरता येणाऱ्या एका सेलला तासभर सावलीतच जोडून ठेवा (सेल उलट रिकामा होऊ नये म्हणून मध्ये एक डायोड घाला) आणि नंतर त्या सेलवर मोटर चालवा. ती किती वेळ फिरली हे घड्याळ लावून मोजा.

आणि शेवटी मुलांना आपापल्या परसातल्या कामांची यादी करायला सांगा : पाणी शिंपणे, गवत काढणे, फांद्या तोडणे, नारळ सोलणे, काजू वाळवणे. प्रत्येक कामापुढे दोन रकाने असावेत. हे काम कोणत्या महिन्यात येते, आणि ते उन्हासाठी थांबू शकते का? घरातल्या आजीला विचारल्याशिवाय ही यादी पुरी होणार नाही. उन्हाचा आणि कामाचा मेळ घालण्याचा अनुभव घरात सर्वांत जास्त तिलाच असतो.